सरहद्दीवरच्या अरण्यात : व्हेरिअर एल्विन यांचे जीवन

अरण्य म्हटले की आम्हा माळशिरसकरांच्या डोळ्यांपुढे काय येते? शंभू महादेवाच्या डोंगररांगेवरची खुरटी झाडी, ओढ्याकाठच्या बाभळी आणि माळावरच्या बोरी. वर्षाकाठी वीस-बावीस इंच पाऊस पडला तर साल बरे गेले म्हणायचे, ही आमची रीत. ज्ञानेश्वर माउलींची पालखी तालुक्यातून पुढे निघून जाते आणि पाऊस मात्र मागे कुठेतरी रेंगाळत राहतो, हा आमचा वर्षानुवर्षांचा अनुभव. जिथे वर्षाला दीडशे इंचांहून अधिक पाऊस कोसळतो, जिथे झाडांच्या गर्दीत भर दुपारी अंधारून येते आणि जिथून परक्या देशाची हद्द काही दिवसांच्या पायवाटेवर आहे, अशा गावाची कल्पना आमच्यासारख्यांनी कशी करावी? मला ती करता आली ती एका माणसाच्या चरित्रामुळे. त्याचे नाव व्हेरिअर एल्विन.

समाजशास्त्राच्या अभ्यासात डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांचे नाव प्रत्येक विद्यार्थ्याच्या कानावर पडते. मालवणात १८९३ साली जन्मलेला हा मराठी विद्वान मुंबई विद्यापीठातील समाजशास्त्र विभागाचा आधारस्तंभ होता. घुर्ये यांचा आदिवासींविषयीचा विचार वाचू लागले की त्यांनी ज्याच्याशी वाद घातला तो प्रतिपक्षी आपोआप समोर येतो. हा प्रतिपक्षी म्हणजेच एल्विन. वाद कशाचा होता, हे समजून घेण्यासाठी मी त्यांचे जीवन वाचू लागलो आणि वादापेक्षा ते जीवनच मला अधिक विचारात पाडणारे वाटले.

एल्विन यांचा जन्म २९ ऑगस्ट १९०२ रोजी इंग्लंडमधील डोव्हर येथे झाला. वडील आफ्रिकेतील सिएरा लिओनचे बिशप होते. मुलगा लहान असतानाच, १९०९ साली, ते निवर्तले. आईने मुलांना कडक धर्मनिष्ठेत वाढवले. ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजात एल्विन यांनी इंग्रजी साहित्य आणि धर्मशास्त्र या दोन्ही विषयांत प्रथम श्रेणी मिळवली. पुढे ते धर्मोपदेशक झाले. विद्वत्ता होती, वाणी होती, वरच्या पदाचा मार्ग मोकळा होता. परंतु आपल्या देशबांधवांनी हिंदुस्थानात जे घेतले त्याची थोडीतरी परतफेड करावी, या भावनेने १९२७ साली ते इकडे आले.

त्यांच्या भारतीय जीवनाचा आरंभ महाराष्ट्रात झाला, हे आपल्याकडे फारसे कुणाच्या ध्यानात नसते. ख्रिस्त सेवा संघ या संस्थेच्या पुण्यातील आश्रमात ते राहिले. खादी नेसणे, जमिनीवर बसून जेवणे, भारतीय संतांचा अभ्यास करणे, असा त्या आश्रमाचा रिवाज होता. १९२८ साली साबरमतीला त्यांनी महात्मा गांधींना पाहिले आणि ते गांधीजींचेच झाले. स्वातंत्र्याच्या चळवळीला उघड पाठिंबा देणारा इंग्रज धर्मोपदेशक म्हटल्यावर सरकारचा डोळा त्यांच्यावर राहणे ओघानेच आले. पुण्याच्या याच वास्तव्यात त्यांना शामराव हिवाळे हा मराठी ख्रिस्ती तरुण भेटला. एल्विन यांची पुस्तके जगभर गेली. पण त्यांच्यामागे गावात राहून दवाखाना, शाळा, रुग्ण आणि हिशेब सांभाळणारा माणूस हा शामराव होता. मोठ्या माणसाच्या चरित्रात अशा सोबत्याला चार ओळी मिळतात. शामरावांची योग्यता त्याहून पुष्कळ मोठी आहे.

वल्लभभाई पटेल आणि जमनालाल बजाज यांनी या इंग्रज तरुणाचे लक्ष आदिवासींकडे वळवले. जानेवारी १९३२ मध्ये एल्विन आणि शामराव मध्य प्रांतातील मंडला जिल्ह्यात, मैकल डोंगरातील करंजिया या गोंड गावी पोहोचले. तेथे त्यांनी गोंड सेवा मंडळ सुरू केले, शाळा काढल्या, कुष्ठरोग्यांसाठी आश्रयस्थान उभारले. धर्मांतर करायचे नाही, हा एल्विन यांचा निश्चय होता. त्यावरून नागपूरच्या बिशपांशी त्यांचे पटेना. अखेर १९३५ साली त्यांनी धर्मोपदेशकाची वस्त्रे कायमची उतरवली. पुढे गांधीजींच्या वाटेवरूनही ते थोडे बाजूला झाले. जिथे कापूस पिकत नाही तिथे चरख्याचा आग्रह का धरावा, आणि मोहाची दारू ज्यांच्या लग्नात, मर्तिकात आणि देवकार्यात गुंफलेली आहे त्यांच्यावर दारूबंदी का लादावी, असे प्रश्न त्यांना पडू लागले. प्रथम देव द्यायला आलेला, मग सुधारणा द्यायला बसलेला हा माणूस हळूहळू ऐकायला शिकला. त्यांच्या जीवनातील खरे वळण मला हेच वाटते.

ऐकता ऐकता त्यांना बैगा जमातीचे दुःख कळले. बैगा हे डोंगरउतारावरची झाडी तोडून, जाळून, त्या राखेत बी टाकणारे लोक. नांगर चालवला तर धरित्रीमातेची छाती फाटते, ही त्यांची श्रद्धा. त्यांच्या या शेतीला बेवर म्हणतात. आपल्या सह्याद्रीत अशाच शेतीला कुमरी हे नाव आहे. इंग्रजी राज्यात जंगलखाते आले आणि बेवर हा गुन्हा ठरला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बैगांना एका ठरावीक टापूपुरती तेवढी मोकळीक उरली. जंगल गेले, शिकार गेली, मागून सावकार आणि दारूचा ठेकेदार आला. १९३९ साली प्रसिद्ध झालेल्या 'द बैगा' या ग्रंथात एल्विन यांनी हे सारे मांडले आणि एक उपाय सुचवला. या लोकांसाठी राखीव प्रदेश असावा आणि बाहेरच्यांचा त्यात शिरकाव होऊ देऊ नये.

यावर मोठे वादळ उठले. आदिवासींना प्राणिसंग्रहालयात ठेवायचे आहे काय, असा आक्षेप आला. घुर्ये यांनी १९४३ साली ग्रंथ लिहून एल्विन यांचे म्हणणे खोडून काढण्याचा प्रयत्न केला. आदिवासी हे निराळे लोक नसून मागासलेले हिंदू आहेत, शेजारच्या समाजात मिसळण्यातच त्यांचे हित आहे, असा घुर्ये यांचा युक्तिवाद होता. दोघेही विद्वान, दोघेही प्रामाणिक. मला मात्र एक गोष्ट खटकते. कुणी कुणापासून अलग राहावे, कुणी कुणात मिसळावे, याची चर्चा मुंबईत आणि इंग्रजीत चालली होती. ज्यांच्याबद्दल ती चालली होती त्या बैगांना तिची वार्ताही नव्हती.

पुढच्या काळात एल्विन बस्तरच्या मुरियांत आणि ओरिसाच्या बोंडो व सावरा लोकांत हिंडले. मुरियांच्या घोटुलावरचा त्यांचा ग्रंथ १९४७ साली निघाला आणि गाजला. १९४० साली त्यांनी कोसी या गोंड तरुणीशी विवाह केला होता. तो टिकला नाही. १९४९ साली विभक्तता झाली. पुढे त्यांनी पाटनगढच्या लीला या परधान स्त्रीशी विवाह केला आणि तो संसार अखेरपर्यंत चालला. आदिवासींवर हजारो पाने लिहिणाऱ्या एल्विन यांनी आपल्या आत्मचरित्रात कोसीला जवळजवळ जागाच दिली नाही. त्यांच्याविषयी आदर बाळगूनही हे सांगितले पाहिजे.

१९५४ हे वर्ष त्यांच्या आयुष्याचा दुसरा आरंभ ठरले. त्या वर्षी त्यांनी भारताचे नागरिकत्व घेतले आणि त्याच वर्षी ईशान्य सीमा प्रदेशाच्या प्रशासनात आदिवासीविषयक सल्लागार म्हणून ते रुजू झाले. नेफा या नावाने ओळखला जाणारा हा मुलूख म्हणजे आजचा अरुणाचल प्रदेश. उत्तरेला तिबेट, पूर्वेला ब्रह्मदेश, पश्चिमेला भूतान. इंग्रजांनी १८७३ साली एक आतली रेषा आखून तिच्यापलीकडे परवान्याशिवाय कुणी जाऊ नये असे ठरवले होते. १९१४ साली सिमल्यात मॅकमहोन रेषा कागदावर उमटली. पण ज्या गावांवरून या रेषा गेल्या, त्यांनी ना दिल्ली पाहिली होती, ना सिमला.

एल्विन यांचे बिऱ्हाड शिलाँगला होते. परंतु पाय स्वस्थ नव्हते. पन्नाशी उलटलेला हा माणूस सियांग, तिरप, लोहित या भागांत आठवड्यांमागून आठवडे पायी फिरला. त्या काळी तिकडे मोटाररस्ते जवळजवळ नव्हतेच. ओझी पाठीवर घेतलेल्या हमालांची रांग, चिखलाची निसरडी वाट, बुटांत शिरणाऱ्या जळवा, हातापायांवर रक्ताचे ठिपके उठवणाऱ्या डिमडॅम माश्या आणि एका डोंगरावरून समोरच्या गावाला जायचे तर आधी हजारो फूट उतरून पुन्हा तितकेच चढायचे, असा तो प्रवास. दूरच्या ठाण्यांना धान्य पोहोचायचे ते विमानातून खाली टाकलेल्या पोत्यांनी. ढग उतरले की विमान येत नसे आणि ठाण्यावरची माणसे अर्धपोटी राहत.

सियांग नदीच्या खोऱ्यातले आदी जमातीचे एखादे गाव डोळ्यांपुढे आणू. तिबेटात जिला त्सांगपो म्हणतात आणि आसामात जी ब्रह्मपुत्रा होते, तीच ही सियांग. तिच्यावर वेताचे झुलते पूल. वेताच्या दोऱ्यांना वेताचीच कडी गुंफून केलेली ती जणू लांबलचक नळी. आत माणूस चालू लागला की सारा पूल डोलतो आणि खाली पाणी गर्जत असते. गाव डोंगराच्या सोंडेवर. घरे खांबांवर उचललेली, बांबूच्या भिंतींची, पानांनी शाकारलेली. मधोमध चूल आणि चुलीवर टांगलेल्या फळीवर धुराने वाळणारे मांस व धान्य. एवढ्या दमट हवेत टिकवण्याचा दुसरा उपाय तो कोणता? धान्याची कोठारे मात्र घरांपासून दूर, म्हणजे घराला आग लागली तरी वर्षाचे अन्न वाचावे. कोठाराच्या खांबांना लाकडी चकत्या बसवलेल्या, उंदीर वर चढू नयेत म्हणून. कोठाराला कुलूप नाही. आमच्याकडे मळ्यातल्या मोटारीची केबल रात्रीत नाहीशी होते, तेव्हा हे वाचताना आश्चर्य वाटल्यावाचून राहत नाही.

शेती फिरती. हिवाळ्यात झाडी तोडायची, वाळल्यावर जाळायची आणि टोकदार काठीने भोके पाडून भात, मका, नाचणीसारखी धान्ये पेरायची. दोन-तीन वर्षांनी ती जमीन सोडून द्यायची, म्हणजे तिच्यावर पुन्हा रान माजते आणि जमिनीचा कस परत येतो. निंदणी-खुरपणीचे बहुतेक ओझे बायकांवर. शिवाय पाणी, सरपण, भात कांडणे आणि माग. प्रत्येक घरात विणलेल्या वस्त्रांचे रंग आणि नक्षी जमातीगणिक निराळी. मिथुन नावाचे गव्यासारखे धिप्पाड जनावर हे तिथले धन. पण त्याला नांगराला जुंपत नाहीत आणि त्याचे दूधही काढत नाहीत. ते रानात मोकळे चरते. बळी, लग्न आणि दंड या प्रसंगी ते कामी येते. बैलपोळ्याला बैल सजवणाऱ्या आम्हा लोकांना ही रीत विलक्षणच वाटेल.

गावचा कारभार केबांग नावाची सभा पाहते. वडीलधारी माणसे चुलीभोवती बसतात, वादी-प्रतिवादी बोलतात आणि सर्वांना पटेपर्यंत बोलणे चालते. अविवाहित तरुणांचे एक मोठे घर असते. मोशुप त्याचे नाव. तिथे तरुण रात्री झोपतात, गावाचे रक्षण करतात, आगीच्या किंवा शत्रूच्या प्रसंगी धावून जातात.

हे सारे वाचून त्या गावी स्वर्ग होता असे कुणी समजू नये. एल्विनही तसे समजत नव्हते. मिठासारखी वस्तू तिबेटातून खिंडी ओलांडून यायची आणि तिच्यासाठी माणसे दिवसचे दिवस चालत. आहारात आयोडीन नसल्यामुळे गलगंड घरोघर. हिवताप, कुष्ठरोग, त्वचारोग आणि लहान मुलांचे मृत्यू हे नित्याचे. काही जमातींत गुलाम पाळण्याची चाल होती. तिरपच्या डोंगरात शिरे कापण्याची प्रथा जिवंत होती. १५ ऑगस्ट १९५०, म्हणजे देश स्वातंत्र्याचा वाढदिवस साजरा करत असतानाच, झालेल्या प्रचंड भूकंपाने या भागातील डोंगर कोसळले, नद्या तुंबल्या आणि गावे गाडली गेली. दवाखाना हवा, औषध हवे, शाळा हवी, गुलामगिरी आणि शिरकाण बंद व्हायला हवे, याविषयी एल्विन यांना शंका नव्हती. प्रश्न इतकाच होता की, हे सगळे कोणत्या पावलांनी यावे?

येथे मंडल्याचा अनुभव त्यांच्या कामी आला. बैगांकडे प्रथम जंगलखात्याचा शिपाई गेला, मग सावकार, आणि दवाखाना सर्वांत शेवटी. नेफात हा क्रम उलटा असावा, अशी त्यांची धडपड होती. १९५७ साली त्यांनी 'अ फिलॉसॉफी फॉर नेफा' हे पुस्तक लिहिले. राखीव प्रदेशाची जुनी कल्पना त्यांनी आता सोडली होती. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : जमिनीवरचा आणि जंगलावरचा हक्क ज्याचा त्याच्याकडे राहू द्या. बाहेरच्या व्यापाऱ्याला जमीन घेऊ देऊ नका. फिरत्या शेतीवर एकदम बंदी घालू नका. शाळा आणि दवाखाने बांबूचे, स्थानिक घरांच्या धर्तीचे बांधा. पत्र्याच्या छपरांनी गावाचे रूप बिघडवू नका. गिरणीचे कापड फुकट वाटून घरचे माग बंद पाडू नका. केबांगला न्याय करू द्या. गावात जाणाऱ्या अधिकाऱ्याने उपकारकर्त्याच्या तोऱ्यात जाऊ नये. पंडित नेहरूंनी या पुस्तकाच्या १९५९ च्या आवृत्तीला लिहिलेल्या प्रस्तावनेत आदिवासी प्रदेशासाठी जी पाच सूत्रे सांगितली, त्यांमागे हाच विचार होता. आकडेवारी आणि खर्चाची रक्कम यांवरून कामाचे माप काढू नये, माणसे कशी घडली त्यावरून काढावे, हे त्यातले शेवटचे सूत्र.

१९६१ साली एल्विन यांना पद्मभूषण मिळाले. दुसऱ्याच वर्षी ऑक्टोबरात चिनी सैन्य सरहद्द ओलांडून आत घुसले. तवांग पडले, बोमडिला पडले. देश संतापला आणि संतापाच्या भरात बोटे एल्विन यांच्याकडेही वळली. हा मुलूख देशापासून दूर ठेवला म्हणूनच असे झाले, लाखो शेतकरी तिथे नेऊन बसवायला हवे होते, असे म्हटले जाऊ लागले. एल्विन यांना हे फार लागले. प्रकृतीही खचली होती. २२ फेब्रुवारी १९६४ रोजी दिल्लीत हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. तीनच महिन्यांनी नेहरूही गेले. त्यांचे आत्मचरित्र त्याच वर्षी प्रसिद्ध झाले आणि त्याला मरणोत्तर साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

आज साठ वर्षांनी त्यांच्या कामाचे मोल कसे करावे? नेफा १९७२ साली अरुणाचल झाला आणि १९८७ साली घटक राज्य. आतल्या रेषेचा परवाना आजही लागतो. जमीन बहुतांशी स्थानिक जमातींच्याच हाती राहिली. देशातल्या इतर अनेक आदिवासी भागांची दैना पाहता, ही गोष्ट लहान नव्हे. शाळा झाल्या, रस्ते झाले, मुले हिंदी बोलू लागली, मंत्री आणि अधिकारी तिथल्याच जमातींतून आले. तरीही एल्विन यांच्या विचारातली एक उणीव माझ्या मनातून जात नाही. आदिवासींच्या वतीने ते फार चांगले बोलले. पण बोलले ते त्यांच्या वतीने. राखीव प्रदेश हवा असे वाटले तेव्हाही निर्णय त्यांचा, आणि नको असे वाटले तेव्हाही त्यांचाच. घुर्ये यांनाही हेच लागू पडते. केबांगमध्ये सर्वांचे बोलून होईपर्यंत कुणी उठत नाही. त्या सभेचे एवढे कौतुक करणाऱ्या राज्यकर्त्यांनी आणि विद्वानांनी स्वतः मात्र ती रीत पुरती उचलली नाही.

हा प्रश्न इतिहासजमा झालेला नाही. सियांगवर प्रचंड धरण बांधण्याची योजना आहे. पलीकडे तिबेटात त्याच नदीवर चीनने महाकाय प्रकल्पाचे काम २०२५ साली सुरू केले आहे. अलीकडे धरण वीज आणि देशाची सुरक्षितता देईल असे एक बाजू म्हणते. आमची भातशेती आणि आमची गावे पाण्याखाली जातील असे आदी गावकरी म्हणतात आणि पाहणी करायलाही विरोध करतात. कोण बरोबर, हे माळशिरसला बसून मी ठरवू शकत नाही. पण आम्ही अगदीच तिऱ्हाईत आहोत असेही नाही. आमच्या तालुक्यातील उसाला पाणी देणारा नीरा उजवा कालवा ज्या भाटघरच्या साठ्यावर पोसला जातो, त्यासाठी भोरच्या मावळातली, सह्याद्रीच्या कुशीतली गावे शंभर वर्षांपूर्वी बुडाली. पाऊस त्यांच्याकडे पडायचा; ऊस आमच्याकडे उभा राहिला. त्या गावांची नावे आमच्यापैकी किती जणांना सांगता येतील?

एल्विन यांनी निदान अरण्यातल्या गावांची नावे विचारली. गाव कुठे आहे, तिथे मीठ कुठून येते, कोठार दूर का बांधतात, मिथुनाचे दूध का काढत नाहीत, हे त्यांनी त्या गावात जाऊन, चुलीपाशी बसून जाणून घेतले आणि मगच सल्ला दिला. त्यांच्या सल्ल्याचे गुणदोष पुढच्या पिढ्या पाहतील. आपल्या महाविद्यालयातून उद्या कुणी अभियंता होईल, कुणी तहसीलदार, कुणी शिक्षक. त्यांपैकी एखाद्याची नेमणूक रस्ता संपतो त्याच्याही पुढच्या गावी झाली, तर त्याने जाण्यापूर्वी या माणसाचे चरित्र एकदा अवश्य वाचावे. आणि तिथे पोहोचल्यावर त्याच्याहून एक पाऊल पुढे जाऊन, गावाला काय हवे हे गावालाच आधी विचारावे.